वछ, कच्छप, कासव

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या नद्यांची नावे ओळीने उच्चारली, तर जुन्या कथेतल्या प्राण्यांची हजेरी घेतल्यासारखे वाटते. आहुप्याच्या बाजूने निघणारी घोड, पूर गावी कुकडेश्वरापाशी उगम पावणारी कुकडी, नारायणगावावरून जाणारी मीना. या नावांची खरी व्युत्पत्ती हा वेगळा प्रश्न आहे. ऐकणाऱ्याच्या कानाला मात्र घोडा, कोंबडी आणि मासा ऐकू येतात. या तिन्हींचे पाणी शेवटी भीमेला मिळते. त्या पाण्यात आणि त्या काठावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारा एक प्राणी या हजेरीत कुठेच नाही. कासवाच्या नावाने इथे नदी नाही. मात्र त्याच्या स्वतःच्या नावात या भूमीच्या भाषेचा सुमारे दोन हजार वर्षांचा प्रवास साठलेला आहे, आणि तो प्रवास दाखवणारा एक पुरावा जुन्नरच्या खडकातच कोरलेला आहे.

जुन्नरच्या दक्षिणेस मनमोडीचा डोंगर आहे. तिथल्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. तो ४६व्या वर्षाचा आहे. अयमाने पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, आणि मंडप दान दिल्याची नोंद त्यात आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला या लेखात नहपानाचा काळ दिसतो. भाषेच्या विद्यार्थ्याने त्यातल्या एका लहानशा शब्दापाशी थांबावे. अयम आपले गोत्र सांगतो, ते ‘वछ’. संस्कृतात हे वत्स गोत्र. वत्स म्हणजे वासरू. संस्कृत ‘वत्स’चा प्राकृतात ‘वच्छ’ झाला. ब्राह्मीत जोडाक्षर न दाखवता तो ‘वछ’ असा कोरला गेला. हिंदीने हा छ जपला आणि तिथे बछड़ा झाला, गुजरातीत वाछरडुं झाले. मराठीने छ सोडला आणि स घेतला: वासरू.

हा बदल एकट्या वासराचा नाही. मत्स्याचा मच्छ झाला आणि मच्छाचा मासा. इक्षूचा उच्छु आणि त्याचा ऊस. पृच्छेतून पुच्छणे आणि त्यातून पुसणे. क्षेत्राचे छेत्त आणि छेत्ताचे शेत. इथे पुढच्या स्वरामुळे स चा श झाला एवढेच. आज कुकडीच्या कालव्यावर ऊस लावणारा शेतकरी ‘शेत’, ‘ऊस’ आणि ‘वासरू’ हे तीन शब्द एका दमात उच्चारतो, तेव्हा मनमोडीच्या लेखातला छ त्याच्या तोंडात तीनदा मावळलेला असतो. सातवाहनांच्या काळापासून आजपर्यंत मराठीपण म्हणजे काय, याचे उत्तर ज्यांना ध्वनींत हवे असेल त्यांनी या छ च्या मागावर जावे. साम्राज्ये आणि राजधान्या यांच्यापेक्षा तो माग मला अधिक भरवशाचा वाटतो.

याच मागावर कासव भेटते. संस्कृतात त्याला कच्छप म्हणतात. कच्छपाचा प्राकृतात कच्छव होतो, कारण दोन स्वरांमधला प आपल्याकडे व होतो. दीपाचा दिवा झाला, तापाचा ताव झाला, सपत्नीची सवत झाली. मग कच्छवातला च्छ मराठीच्या नियमाने स होतो, आधीचा अ दीर्घ होतो, आणि कासव तयार होते. हिंदीचा कछुआ आणि गुजरातीचा काचबो ही त्याचीच भावंडे. त्यांच्यात च-छ चा अंश राहिला, आपल्यात गेला. इथवर सगळे सरळ आहे.

अडचण, किंवा मौज, पुढे आहे. संस्कृतात कासवाला आणखी एक जुने नाव आहे: कश्यप. आज आपण हा शब्द ऋषीचे नाव म्हणूनच ओळखतो. परंतु वैदिक वाङ्मयात तो प्राण्याचेही नाव आहे. शतपथ ब्राह्मणात तर कूर्म म्हणजेच कश्यप असे समीकरण मांडले आहे, आणि प्रजापतीने कूर्माचे रूप घेऊन प्रजा निर्माण केली म्हणून सर्व प्रजा काश्यप होय, असे त्याचे स्पष्टीकरणही दिले आहे. आता कश्यप हा शब्द मराठीच्या नियमांतून चालवून पाहा. श्य चा प्राकृतात स्स होतो. नश्यति पासून नस्सइ आणि त्यातून नासणे आले, तसा कश्यपाचा कस्सप, कस्सपाचा कस्सव, आणि कस्सवाचा कासव. दोन वेगळ्या दारांनी आत आलो तरी पोचलो एकाच खोलीत. मराठी ‘कासव’ कच्छपापासून आले की कश्यपापासून, हे केवळ ध्वनीच्या आधारे सांगता येत नाही, कारण मराठीत दोघांचा शेवट एकच होतो. शिवाय कच्छप हा शब्दच मुळात कश्यपाचे लोकभाषेने वळवलेले रूप असावे, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. तसे असेल तर या दोन दारांमागचे अंगणही एकच ठरते.

पालीत मात्र या दोघांची वाटणी स्पष्ट झालेली दिसते. तिथे प्राणी कच्छप आणि माणूस कस्सप. बुद्धाच्या थोर शिष्यांपैकी एक महाकस्सप. गौतमाच्या आधी होऊन गेलेला बुद्धही कस्सप. आणि समुद्रात शंभर वर्षांनी एकदा वर येणाऱ्या, एका डोळ्याने आंधळ्या कासवाची मान तरंगत्या जोखडाच्या भोकात शिरणे जितके दुर्मीळ तितका मनुष्यजन्म दुर्मीळ, या प्रसिद्ध दृष्टान्तातला प्राणी कच्छप. लेण्याद्री, शिवनेरी, तुळजा, मनमोडी या जुन्नरभोवतालच्या डोंगरांतल्या विहारांत वर्षावास करणाऱ्या भिक्षूंना हे दोन्ही शब्द ठाऊक असणार. एक उच्चारताना त्यांना दुसरा आठवत होता का, हे खडकांनी सांगितलेले नाही.

आपल्याला तर तो मुळीच आठवत नाही. लग्नाच्या किंवा श्राद्धाच्या संकल्पात काश्यप गोत्र उच्चारणाऱ्याच्या मनात कासव येत नाही. वत्स गोत्र सांगणाऱ्याच्या मनात वासरू येत नाही. ज्याला गोत्र ठाऊक नाही त्याने काश्यप म्हणावे, हा रिवाज महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाचा आहे. सर्व प्रजा काश्यप, हा शतपथाचा विचार त्याच्या मुळाशी दिसतो. म्हणजे ज्याचे कूळ सापडत नाही तो कासवाचा. संस्कृतातून पुन्हा उसना घेतलेला, सोवळ्यातला ‘काश्यप’ आणि बोलीतून झिजत आलेला ‘कासव’ असे दोघे एकाच घरात राहतात आणि एकमेकांना ओळख देत नाहीत. तत्सम आणि तद्भव हा भेद व्याकरणाच्या तासाला आपण कोरडेपणाने शिकवतो. विद्यार्थ्यांना तो शिकवायला याहून चांगली जोडी सापडणार नाही.

यास्कालाही कच्छपाने थोडे छळले आहे. निरुक्तात त्याने या शब्दाच्या एकाहून अधिक फोडी दिल्या आहेत: कच्छाचे रक्षण करतो तो, कच्छाने स्वतःचे रक्षण करतो तो, किंवा कच्छाने पितो तो. कच्छ म्हणजे काय, यावर पुन्हा चर्चा. पण कच्छ याचा आणखी एक अर्थ नदीकाठची ओलसर, सखल जमीन असा आहे. आणि तिसरा, धोतराचा मागे खोचलेला सोगा. या तिसऱ्यावरून आपल्याकडे कास आणि कासोटा आले, कासेला लागणे आणि कास धरणे आले. व्युत्पत्ती म्हणून यांचा कासवाशी संबंध जोडणे धाडसाचे होईल. मात्र काठाचा आणि कासवाचा संबंध ध्यानात ठेवावा. तो पुढे पुन्हा लागणार आहे.

कासवाचा सर्वांत जुना सांस्कृतिक अर्थ ‘आधार’ असा आहे. समुद्रमंथनात मंदार पर्वत पाठीवर घेणारा कूर्म सर्वांना माहीत आहे. त्याहून जुनी आणि अंगावर काटा आणणारी गोष्ट अग्निचयनातली. शतपथात सांगितल्याप्रमाणे विटांची वेदी रचताना दही, मध आणि तूप माखलेले जिवंत कासव तिच्या तळाशी ठेवले जाते आणि वर चिती उभी राहते. जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहन राणी नागनिकेचा जो लेख आहे, त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गायी, घोडे, कार्षापणांची लांबलचक यादी आहे. हा लेख आपण आकड्यांसाठी वाचतो, राणीच्या कर्तृत्वासाठी वाचतो. यादीत कासव नाही; असण्याचे कारणही नाही. दक्षिणेचा हिशेब लिहिला जातो, पायाखाली गेलेल्याचा लिहिला जात नाही.

देवळांच्या काळात या कल्पनेने दगडाचे रूप घेतले. मंदिराच्या पायात कूर्मशिला बसवण्याचा विधी वास्तुग्रंथांत आहे. आणि शिवालयात नंदीच्या पुढे, गाभाऱ्याच्या वाटेवर, फरशीत कोरलेले कासव मराठी माणसाने लहानपणापासून पाहिलेले आहे. पुणे जिल्ह्यातले सर्वांत प्रसिद्ध कासव जेजुरीच्या खंडोबापुढचे, पितळी पत्र्याने मढवलेले, भंडाऱ्याने पिवळे झालेले. वेरुळच्या कैलास लेण्यातल्या नदीदेवतांच्या दालनात यमुना कासवावर उभी आहे, गंगा मकरावर. इथे भाषेची एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. पुराण कूर्मपुराण, अवतार कूर्मावतार, शिला कूर्मशिला, आसन कूर्मासन. पण देवळातल्या त्या दगडाला कोणी कूर्म म्हणत नाही. ‘कासवाच्या पाया पड आणि मग आत जा’ असेच आजी नातवाला सांगते. संस्कृत शब्द पोथीत राहिला आणि मराठी शब्द उंबऱ्यापाशी बसला.

दगडी कासवाचा अर्थ विचारला तर बहुतेक जण गीतेकडे बोट दाखवतात: कासव जसे अवयव आत ओढते तशी इंद्रिये आवरून देवापुढे जावे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला तो दृष्टान्त खराच. मात्र ज्ञानेश्वरांनी त्याला मराठीत आणताना त्यात जी भर घातली तिच्याकडे आपले लक्ष पुरेसे जात नाही. मुळात केवळ आत ओढणे आहे. ज्ञानदेव आधी कासवाचे प्रसन्न होऊन अवयव पसरणे सांगतात आणि मग इच्छेस येईल तेव्हा ते आवरणे. संयम म्हणजे कायमचे मिटून बसणे नसून पसरणे आणि आवरणे या दोन्हींवरची मालकी, असा अर्थ त्या एका जोडणीने उभा राहतो. शिवाय ज्याने काठावर उन्हात पाय आणि मान ताणून पडलेले कासव पाहिले आहे त्यालाच हे सुचावे, असे मला ही ओवी शिकवताना दर वेळी वाटते. शब्द त्यांनी इथे ‘कूर्म’ असा गीतेचाच ठेवला आहे. नजर मात्र काठावरची आहे.

मिटून बसण्याचा अर्थ आपल्या काळात आणखी एक वळण घेऊन आला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या २०१६च्या चित्रपटात नैराश्याने ग्रासलेला तरुण आणि किनाऱ्यावरचे कासवसंवर्धन शेजारीशेजारी येतात. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. गीतेत जे स्थितप्रज्ञाचे लक्षण होते ते इथे जखमेचे लक्षण झाले आहे. एकाच शारीरिक हालचालीचे हे दोन अर्थ इतके उलटे आहेत, की एका शब्दाच्या इतिहासात ते शेजारी ठेवल्यावरच मधले अंतर कळते. चित्रपटातले कासव समुद्री आहे, हेही खरे. मराठीला समुद्रातले, नदीतले आणि रानातले कासव यांसाठी वेगळे शब्द लागत नाहीत. इंग्रजीत तीन आहेत म्हणून आपल्याकडे उणीव आहे असे मानण्याचे कारण नाही. मात्र त्यामुळे कोणत्या कासवाविषयी बोलणे चालले आहे हे वाचकाला दर वेळी स्वतः ठरवावे लागते.

संतसाहित्यात हे ठरवणे विशेष गरजेचे होते, कारण तिथे कासव नाही, कासवी आहे.

आधी व्याकरण पाहू. मराठीत कासव नपुंसकलिंगी: ते कासव. हिंदीचा कछुआ आणि गुजरातीचा काचबो पुल्लिंगी. आपण त्याला लिंग नाकारले आणि म्हणून त्याची आई करायची वेळ आली तेव्हा वेगळे स्त्रीलिंगी रूप घडवावे लागले. विठ्ठलाला विठाई, विठाबाई, माउली म्हणणाऱ्या परंपरेला ‘ते’ पुरणार नव्हते. व्यवहारात कासवी हा शब्द क्वचितच कोणी वापरत असेल. अभंगात मात्र तो सहज येतो. वारकरी परंपरेने व्याकरणाला जे थोडेसे वाकवले त्याचे हे एक उदाहरण.

कासवीची प्रतिमा सर्वांना ठाऊक आहे. तिची पिल्ले एका काठाला, ती दुसऱ्या. ती त्यांना दूध पाजत नाही, अंगाशी घेत नाही, केवळ कृपादृष्टीने वाढवते. तुकोबांनी ही प्रतिमा देवासाठी वापरली आहे. टीपांच्या पुस्तकांत यावर एक ओळ असते: कासवी नजरेने पिलांना वाढवते असा समज आहे. ओळ चुकीची नाही, पण ती समजाचा इतिहास लपवते. संस्कृतातल्या तंत्रग्रंथांत, उदाहरणार्थ कुलार्णवतंत्रात, गुरूने शिष्याला दीक्षा कशी द्यावी याच्या तीन उपमा एकत्र येतात. पक्षी पंखांच्या उबेने पिल्ले वाढवतो, ती स्पर्शदीक्षा. मासोळी नजरेने वाढवते, ती दृष्टिदीक्षा. आणि कासवी दूर राहून केवळ चिंतनाने, मनात धरून वाढवते, ती सर्वांत सूक्ष्म दीक्षा. म्हणजे या मांडणीत नजर माशाची आहे आणि कासवीकडे आहे ते स्मरण.

मराठी संतांच्या हाती हे बदलले. मासोळीकडची नजर कासवीकडे आली. हा बदल नेमका कोणी केला याचा शोध घेण्यापेक्षा तो इथे का रुजला याचा विचार मला महत्त्वाचा वाटतो. वारकरी देव विटेवर उभा आहे आणि पाहतो आहे. भक्त वाट चालून जातो तो दर्शनासाठी. देण्याघेण्याचा सगळा व्यवहार डोळ्यांनी होतो. या संप्रदायाला मनात धरणाऱ्या कासवीपेक्षा पाहणारी कासवी जवळची वाटावी, यात नवल नाही. तंत्रातली उपमा गुरू आणि शिष्य यांच्यातल्या गुप्त व्यवहाराची होती. अभंगात ती गर्दीतल्या कोणाही वारकऱ्याची झाली. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला, मांडवी नदीच्या काठी, कपर्दिकेश्वराच्या परिसरात आहे. बाबाजींनी तुकोबांना स्वप्नात उपदेश केला. गुरू दूर आहे, स्पर्श नाही, शेजार नाही, आणि तरी वाढ होते आहे, हा तुकोबांच्या स्वतःच्या आयुष्यातला अनुभव होता. या अनुभवाचा आणि कासवीचा थेट धागा दाखवता येणार नाही. पण ओतूरच्या घाटावर उभे राहून तो मनात आल्याशिवाय राहत नाही. (जुन्नर तालुका या बाबतीत भाग्यवान म्हणायचा. आळे गावी ज्ञानदेवांनी वेद वदवलेल्या रेड्याची समाधी आहे. माणसांच्या गुरूंइतकाच जनावरांचाही मान इथे राखलेला आहे.)

प्रत्यक्षात कासवी काय करते? ती काठावर, पाण्याच्या पातळीच्या वर, मातीत किंवा वाळूत खड्डा करते, अंडी घालते, माती लोटते आणि पाण्यात परत जाते. पुढे ऊन आणि माती अंडी उबवतात. पिल्ले बाहेर येतात तेव्हा त्यांची वाट पाहणारे कोणी नसते. जीवशास्त्राच्या दृष्टीने कासवी ही माउलीच्या अगदी विरुद्ध टोकाची. मग समज खोटा म्हणून सोडून द्यावा का? मला वाटते, तो निरीक्षणातूनच आला आहे. अंडी काठावर आहेत, आई त्यांच्यापाशी नाही, आणि तरी त्यांतून जीव बाहेर येतो. एवढे तर काठावरच्या माणसाने पाहिलेच होते. पाण्याबाहेर फक्त नाक आणि डोळे काढून काठाकडे तोंड करून थांबलेले कासवही त्याने पाहिले होते. या दोन पाहिलेल्या गोष्टींमधली रिकामी जागा त्याने मायेने भरली. उब नाही, दूध नाही, तर वाढ होते कशाने? नजरेने. उत्तर चुकले, प्रश्न अस्सल होता. आणि ज्याला तो प्रश्न पडला त्याने नदी नीट पाहिली होती.

कासवाचा आज सर्वांत जास्त चालणारा अर्थ मात्र यांपैकी कोणताच नाही. तो आहे संथपणा. कामे कासवगतीने चालतात, फायली कासवाच्या चालीने सरकतात. हा अर्थ इतका रुळला आहे की तो सनातन वाटतो. जुन्या भारतीय कथांत कासवाची ओळख पाहिली तर ती निराळी आहे. पंचतंत्रातला कंबुग्रीव आणि जातकातला त्याचा भाऊ हे तोंड आवरता न आल्यामुळे मेले. काठी दातांत धरून हंसांबरोबर उडताना बोलले आणि पडले. तिथे दोष वाचाळपणाचा आहे, मंदपणाचा नाही. तत्त्वज्ञांनी सशाच्या शिंगाबरोबर कासवाचे केस, कूर्मरोम, हे अशक्य वस्तूचे उदाहरण म्हणून वापरले. ससा आणि कासव असे दोघे तिथेही शेजारी आहेत, पण शर्यतीसाठी नव्हे. शर्यत इसापाची. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे ‘इसापनीतिकथा’ १८२८ साली आले, आणि पुढे शालेय क्रमिक पुस्तकांनी ससा-कासवाची गोष्ट घराघरांत नेली. कासवगती या शब्दाची बरीचशी भिस्त या गोष्टीवर आहे असे माझे मत आहे. आधार, संयम आणि कृपा असे तीन अर्थ शतकानुशतके वाहणाऱ्या प्राण्याला छापखान्याच्या काळात चौथा अर्थ चिकटला आणि तो पहिल्या तिघांवर मात करून गेला. त्या गोष्टीत कासव जिंकते, हेही आपण शब्द वापरताना विसरलो.

आणि आता स्वतः तो प्राणी. १८७२ साली ब्रिटिश म्युझियममधले प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी एका मऊ पाठीच्या नदीकासवाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि मुंबई इलाख्यातले डॉक्टर अँड्र्यू लीथ यांचे नाव त्याला दिले. ज्या नमुन्यांवरून हे वर्णन झाले त्यांचे ठिकाण पुणे असे नोंदले आहे. ग्रे यांनी त्याला ज्या ट्रायोनिक्स या प्रजातीत घातले तिच्या ग्रीक नावाचा अर्थ तीन नखांचा. आज शास्त्रज्ञ त्याला निल्सोनिया लीथी म्हणतात. द्वीपकल्पातल्या नद्यांचे हे कासव आहे, आणि घोड-कुकडी ज्या भीमेला मिळतात ते त्याचेच पाणी. आपण भाषेत कासवाला जी जी विशेषणे देतो ती या प्राण्यापुढे ठेवून पाहावीत. कठीण पाठ? याची पाठ कातडीने मढलेली, कडेने मऊ. मंद? पाण्यात ते चपळ पोहते, आणि लांब मान झटकन फिरवून चावते. भित्रे, मिटून बसणारे? ते वाळूत किंवा गाळात अंग पुरून, निमुळते नाक तेवढे वर ठेवून, भक्ष्याची वाट पाहते. म्हणी, सुविचार आणि बातम्या यांतून आपण ज्याला ओळखतो ते कासव इसापाच्या पुस्तकातले आहे; पुण्याच्या नावाने शास्त्रात गेलेले कासव मराठी भाषेला जवळजवळ अपरिचित राहिले.

नखांवरून एक कटू गोष्ट. वीस नखांचे कासव घरी ठेवले की धन येते, पैशाचा पाऊस पडतो, या अंधश्रद्धेपायी महाराष्ट्रात कासवांची चोरटी खरेदी-विक्री होते आणि अधूनमधून पोलिसांच्या कारवाईची बातमी येते. मऊ पाठीच्या कासवाला प्रत्येक पायाला तीन म्हणजे एकूण बारा नखे. रानातल्या तारांकित कासवाला पुढे पाच-पाच आणि मागे चार-चार, म्हणजे अठरा. वीस भरेपर्यंत किती कासवे उलटीसुलटी करून मोजली जात असतील याचा हिशेब न केलेलाच बरा. त्या मानाने बोटात कासवाची अंगठी घालणारे लोक निरुपद्रवी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कासव पाळणे आणि विकणे गुन्हा आहे, हे अनेक सुशिक्षितांनाही सांगावे लागते.

पण नदीतल्या कासवाला खरी गरज आहे ती काठाची. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे. त्यांनी या दोन तालुक्यांचे आणि खालच्या दुष्काळी पट्ट्याचे जीवन बदलले. त्याची किंमतही मोजली गेली. ज्या आंबेगावचे नाव तालुक्याला आहे ते जुने गाव डिंभ्याच्या पाण्याखाली गेले, आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. जलाशयाची पातळी पावसाळ्यात चढते, कालवे सुटले की उतरते. कासवाच्या घरट्याला लागणारी, पाण्यापासून जवळ आणि तरी पाणी न पोचणारी जमीन अशा काठावर टिकत नाही; खालच्या पात्रात वाळूचा उपसा तिला उचलून नेतो. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या सूचीत लीथचे कासव आज अतिसंकटग्रस्त गटात आहे. आणि कालव्यांची कामे लांबली की आपण निःशंकपणे लिहितो: कामे कासवगतीने चालू आहेत.

कासवीवरचा अभंग अभ्यासक्रमात असेल तेव्हा टीपेत काय लिहावे, हा प्रश्न त्यामुळे मला केवळ भाष्याचा वाटत नाही. ‘असा समज आहे’ एवढ्यावर थांबणारी टीप विद्यार्थ्याला सांगते की पूर्वजांना प्राणिशास्त्र कळत नव्हते. तिच्याऐवजी मी वर्गात तीन गोष्टी सांगतो: कासव मराठीत नपुंसकलिंगी आहे आणि इथे ते मुद्दाम स्त्रीलिंगी केले आहे, संस्कृतात नजर माशाची होती आणि ती इथे कासवीला दिली आहे, आणि अंडी काठावर असतात, आई पाण्यात. शेवटच्या वाक्यावर एखादा हात वर येतो आणि प्रश्न येतो, की सर, काठ म्हणजे नेमका कुठे? जुन्नर-आंबेगावकडून आलेल्या मुलांना मी म्हणतो, उन्हाळ्यात घरी जाल तेव्हा पाहा, पाणी उतरल्यावर जो भेगाळलेला गाळाचा पट्टा दिसतो, तो नव्हे. त्याच्या वर, जिथे अजून थोडी वाळू आणि गवत असेल, तिथे.